रकाना क्रमांक सात

खात्याचा फॉर्म ऑक्टोबरच्या बोटीने आला,
कडा ओल्या, मिठाने चिकटलेल्या.
सातव्या रकान्यात विचारलं होतं:
मुलांना घरी शिकवण्यासाठी
पालकांकडे काय काय आहे?
आणि खाली उत्तराला दोन ओळींची जागा.

मी लिहिलं: टेबल, एक.
मग थांबले. त्याच टेबलावर
हॅलिबट कापला जातो, रेडिओ उघडला जातो,
आणि टोबिनची भूमितीची वही
गेल्या मंगळवारपासून माशाच्या वासाची आहे.

बेट एवढंसं, की चालायला निघालेला माणूस
पाऊण तासात आपल्याच दारात येतो.
दिवा, भोंगा, दोन घरं.
दुसऱ्या घरातले थोरले दीपपाल पेनहॅलो
गणित सोडून काहीही शिकवायला तयार असतात:
गाठी, बॅरोमीटर, शिव्या.
शिव्यांचा अभ्यास मुलं न सांगता करतात.

आर्नेची रात्रपाळी.
तो सकाळी झोपतो, म्हणून आमची शाळा
कुजबुजीत भरते.
सातचा पाढा ओठातल्या ओठात,
इतिहासातल्या लढायासुद्धा दबक्या आवाजात,
घोडे जणू पायमोजे घालून धावतायत.
धुकं उतरलं की मात्र भोंगा सुरू होतो,
मग कोण कसला झोपतोय!
त्या दिवशी आम्ही पाढे ओरडून म्हणतो,
दोन भोंग्यांच्या मध्ये मावतील तेवढे.
सोल्वे आठाच्या पाढ्यात अठ्ठेचाळीसपर्यंत जाते.
पुढचं सगळं भोंगा गिळतो.

फॉर्मवर आणखी एक चौकोन होता: पालकांचं शिक्षण.
तिथे मी बराच वेळ पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका पडेस्तोवर.
चौदाव्या वर्षी मी प्रिन्स रुपर्टच्या कारखान्यात
सामनचे डबे भरायला उभी राहिले.
आता रात्री, मुलं निजली की,
त्यांचीच पुस्तकं काढून बसते.
मी त्यांच्या पुढे असते एकच धडा.
कधी कधी अर्धाच.

फेब्रुवारीत तो अर्धाही संपला.
सोल्वेने विचारलं,
भागल्यावर तर संख्या लहान होते ना, आई?
मग तीनला अर्ध्याने भागलं तर सहा कसे येतात?
मी म्हटलं, आलेच, कपडे वाळत घालून येते.
टोपलीत कपडे नव्हते.
वाऱ्यात दोरीला धरून उभी राहिले,
मोकळे चिमटे टकटक वाजत होते,
खाली खडकावर एक सील
माझ्याकडे बघत होता, मुख्याध्यापकासारखा.

आत आले. म्हटलं, मला ठाऊक नाही.
वाटलं होतं, छप्पर तरी कोसळेल.
सोल्वे बाकावर जराशी सरकली.
एवढंच. मला बसायला जागा केली.

मग फळीवरून तीन पाव काढले.
बोट यायला अजून नऊ दिवस होते,
तरी काढले, आणि अर्धे अर्धे कापत गेलो.
टोबिनने मोजले. सोल्वेने मोजले.
मी शेवटी, बोट लावून मोजले.
वयाच्या चौतिसाव्या वर्षी
मला अपूर्णांकाचा भागाकार कळला,
आणि आम्ही त्यावर लोणी लावून
तो खाऊन टाकला.
आर्ने उठला तेव्हा
ताटात फक्त उत्तराचा चुरा होता.

आता हेलिकॉप्टर गुरुवारी येणार,
वारा पडला तर.
मी लिहिलंय: टेबल एक, माशांसकट.
बाक एक, तिघांना पुरतो.
दोन ओळी भरल्या.
झोपणाऱ्या नवऱ्याला कुठे लिहू,
धुक्याला कुठे लिहू?

टोबिन खांद्यावरून वाचत होता.
आई, कुजबुजला, एक स्पेलिंग चुकलंय.
कुठलं?
बोट ठेवून दाखव.